पिवळ्या दिव्याची फिर्याद

आक्षेपक : यंत्राने माणसाशी बोलावे ही तुमची आकांक्षा मला मान्य आहे, परंतु बोलायचेच असेल तर त्याने काहीतरी सांगावे, एवढी माझी माफक अपेक्षा आहे. जुन्या फियाटच्या मीटरवर तापमानाचा काटा असे. तो चढू लागला की रेडिएटरमध्ये पाणी नाही हे नवशिक्या ड्रायव्हरलाही उमगत असे, आणि तेलाचा तांबडा दिवा लागला की गाडी जागच्या जागी थांबवायची याविषयी दुमत नसे. आजच्या गाडीत इंजिनाच्या रेखाकृतीचा एक पिवळा दिवा लागतो, आणि तो लागलेला असतानाही गाडी पूर्ववत् धावते, पिकअप तसाच राहतो, पेट्रोल अधिक लागते म्हणावे तर तेही जाणवत नाही. मालक घाबरून गॅरेज गाठतो; तेथला पोरगा स्टिअरिंगखालच्या खोबणीत स्कॅनर खुपसतो, ‘सेन्सर प्रॉब्लेम, सार’ असा निर्वाळा देतो, कोड उडवतो आणि पैसे मोजून घेतो; आठ-पंधरा दिवसांत इथल्या, बंगळुरातल्या जयनगरच्या चौथ्या ब्लॉकातल्या बाजाराला जाऊन येईतो दिवा पुन्हा हजर. ज्या इशाऱ्याने भय उत्पन्न होते पण बोध होत नाही, त्याला इशारा म्हणावे की तगादा?

समर्थक : तुमची तक्रार खरी आहे, परंतु ती दिव्याविरुद्ध नसून दिव्याचा अर्थ न सांगणाऱ्यांविरुद्ध आहे. तांबडे दिवे यंत्राच्या रक्षणासाठी असतात. हा पिवळा दिवा यंत्राच्या रक्षणासाठी जन्माला आलेलाच नाही. त्याचे मूळ लॉस एंजेलिसच्या धुरकट आकाशात आहे. मोटारींच्या धुरातील न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते डोळे चुरचुरवणारे धुके बनते, हे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले. पुढे धूर शुद्ध करणारी उपकरणे गाड्यांना जोडण्यात आली, परंतु ती कालांतराने निकामी झाली तरी गाडी खुशाल चालते आणि मालकाला पत्ता लागत नाही, ही नवी अडचण उभी राहिली. म्हणून कॅलिफोर्नियाने १९८८ पासून आणि अमेरिकेने १९९६ पासून नव्या गाड्यांत अशी योजना सक्तीची केली की गाडीने स्वतःच्या शुद्धीकरण यंत्रणेची स्वतः तपासणी करावी आणि दोष आढळल्यास चालकाला इत्तला द्यावी. आपल्याकडे २०१० च्या एप्रिलात मुंबई, पुणे, सोलापूर, बंगळूर इत्यादी तेरा शहरांत भारत स्टेज चारचे मानक लागू झाले, त्याच्याबरोबर या योजनेची पहिली पायरी आली. दुसरी, अधिक कडक पायरी २०१३ च्या एप्रिलात आली. तेव्हा गाडी पूर्ववत् चालत असताना दिवा लागणे ही विसंगती नसून त्याचे प्रयोजनच ते आहे. तुमची गाडी ठीक आहे. ती ज्या हवेत चालते त्या हवेच्या वतीने तो बोलतो.

आक्षेपक : हवेच्या वतीने बोलणाऱ्याने निदान हवा मोजलेली असावी! माझ्या समजुतीप्रमाणे पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये कार्बन मोनॉक्साइड मोजणारे किंवा हायड्रोकार्बन मोजणारे कोणतेही उपकरण नसते. मग तुमचा संगणक कशाच्या आधारावर म्हणतो की धूर मर्यादेबाहेर गेला?

समर्थक : अनुमानाच्या आधारावर, आणि ते अनुमान इतके चतुर आहे की त्याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या छिद्रांची चिनी मातीची वीट. तिच्या पृष्ठावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अतिसूक्ष्म लेप असतो. पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारे १४.७ भाग, या प्रमाणाच्या आसपास मिश्रण राहिले तरच ही वीट कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही विषारी घटकांचा एकदम निकाल लावू शकते. ते प्रमाण राखण्यासाठी विटेच्या अलीकडे एक प्राणवायूचा सेन्सर असतो. १९७६ साली असा सेन्सर प्रथम बाजारात आणणाऱ्या बॉश कंपनीचीच शाखा म्हणजे आपल्या शेजारच्या आडुगोडीतली पूर्वीची मायको. साध्या जातीच्या सेन्सरचा विद्युत्दाब शून्य दशांश एक ते शून्य दशांश नऊ व्होल्टच्या दरम्यान सारखा वरखाली होत राहतो, कारण संगणक मिश्रण क्षणभर दाट आणि क्षणभर विरळ करीत असतो. विटेच्या पलीकडे दुसरा सेन्सर बसवलेला असतो. वीट निरोगी असेल तर ती जादा प्राणवायू साठवून ठेवते आणि लागेल तसा सोडते, त्यामुळे मागच्या सेन्सरची रेघ जवळजवळ सरळ राहते. विटेची ही साठवणशक्ती संपली की मागचा सेन्सर पुढच्याची हुबेहूब नक्कल करू लागतो, आणि संगणक पी ०४२० हा कोड लिहून ठेवतो. एका फेरीत लिहून तो थांबतो. दुसऱ्या फेरीतही तोच अनुभव आला तरच दिवा लावतो. एवढी सावधगिरी पुष्कळ तपासनीसही बाळगीत नाहीत.

आक्षेपक : आमच्या नैयायिकांनी धूर पाहून अग्नीचे अनुमान केले, तुमचा संगणक अग्नी पाहून धुराचे अनुमान करतो. त्यात हेत्वाभासाला जागा किती आहे पाहा. विटेच्या अलीकडे सायलेन्सरच्या सांध्याला बारीक चीर पडली की बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला प्राणवायू अधिक दिसतो आणि संगणक मिश्रण विरळ समजून पेट्रोल वाढवीत जातो. उंदराने वायर कुरतडली, आणि लालबागेभोवतीच्या या झाडीच्या वस्तीत तो कुरतडतोच, तर सेन्सर जिवंत असूनही मृत ठरतो. शिवाय बंगळुरातच २०२३ च्या ६ फेब्रुवारीस वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा प्रारंभ झाला. इथेनॉलच्या रेणूतच प्राणवायू असल्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन अधिक लागते, आणि ज्या जुन्या गाडीचा संगणक आधीच दुरुस्तीच्या मर्यादेला टेकलेला आहे तिच्यात मिश्रण विरळ असल्याचा पी ०१७१ हा कोड उगवला तर दोष कोणाचा? मालकाचा, गाडीचा, की पंपाचा? आणि गावातला दुसरा शहाणा सल्ला देतो की पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट लावा, दिवा विझेल.

समर्थक : तो सल्ला अमेरिकेचा आहे. तेथे टाकीतून बाष्प गळते की काय याची गाडीने तपासणी करावी असा कायदा आहे. आपले नियम युरोपीय घडणीचे असल्यामुळे येथील बहुतेक गाड्या बाष्प वाहून नेणाऱ्या व्हॉल्व्हचे विद्युत्-मंडल शाबूत आहे एवढेच पाहतात, झाकण त्यांच्या खिजगणतीतही नसते. परंतु तुमचा मुख्य आक्षेप मी मान्य करतो : कोड म्हणजे निदान नव्हे. पी ०१७१ एवढेच सांगतो की मिश्रण विरळ आहे; का, हे शोधण्यासाठी मेकॅनिकने व्हॅक्यूमचे पाइप, एअर फ्लो सेन्सर, पेट्रोलचा दाब हे क्रमाने पाहायचे असते. कोड वाचून थेट सेन्सर बदलणारा मेकॅनिक संगणकाचे ऐकत नाही, त्याचा अवमान करतो. कारण त्याच संगणकाने दोष नोंदवला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान आणि भार किती होता याचा तपशील जपून ठेवलेला असतो, आणि तो पाहण्याची तसदी न घेता कोड उडवला की तो पंचनामाही नष्ट होतो. अनुमानाच्या मर्यादा सांगताना प्रत्यक्षाच्या मर्यादाही पाहा. ज्याला बंगळुरात आपण नुसते ‘एमिशन’ म्हणतो ती पंपावरची तपासणी वर्षातून एकदा किंवा दोनदा होते. गाडी उभी असते, इंजिन बिनभाराचे असते. भारत स्टेज चारच्या पेट्रोल गाडीने तेथे कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन दशलक्षात २०० भाग या मर्यादेच्या आत राहावे, हा मुख्य निकष. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे नावही त्या कागदावर नसते, आणि ती तर भार पडल्यावर, चढावर अधिक निघतात. म्हणून मीटरवर दिवा पेटलेला असतानाही गाडी एमिशनमध्ये सुखरूप उत्तीर्ण होते आणि मालकाला वाटते की दिवा खोटारडा.

आक्षेपक : उलट मी म्हणेन की दिवा विझलेला असताना गाडी निर्दोष आहे असे मालकाला वाटते, हा अधिक मोठा घोटाळा. कन्व्हर्टरची वीट अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. सकाळी गार गाडी काढून तिसऱ्या ब्लॉकातून चौथ्या ब्लॉकात भाजी आणायला जाणारा, पुन्हा गार होऊ देऊन मुलाला शिकवणीला सोडणारा गृहस्थ आपल्या बहुतेक प्रवासात गल्लीला अशुद्ध धूर देतो. पण त्याच्या गाडीत एकही भाग बिघडलेला नाही, म्हणून दिवा मौन पाळतो. तो दिवा बिघाड ओळखतो, सवय ओळखत नाही. आणि या शहराची हवा बिघाडांनी जितकी नासली त्याहून सवयींनी कमी नासली असे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकाल का? जयनगरच्या पाचव्या ब्लॉकात राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे हवा मोजणारे केंद्र आहे. ते प्रत्यक्ष मोजते, अनुमान करीत नाही. त्याचा आकडा वाढला म्हणून कोणी गाडी गॅरेजात नेल्याचे ऐकले आहे?

समर्थक : नाही, आणि त्याचे कारणच माझ्या बाजूचा पुरावा आहे. पाचव्या ब्लॉकातला आकडा सर्वांचा आहे म्हणून कोणाचाच नाही. दिवा मात्र एका माणसाच्या डोळ्यांसमोर, त्याच्याच गाडीविषयी बोलतो. सार्वजनिक अपकृत्याला वैयक्तिक पत्ता देणारे दुसरे साधन तुम्ही सुचवा. शिवाय हा दिवा नेहमीच परोपकारी असतो असेही नाही. तो लुकलुकू लागला तर समजावे की एखादा सिलिंडर पेट घेत नाही, गाडी ‘मिसिंग’ मारते आहे आणि न जळलेले पेट्रोल विटेत जाऊन जळते आहे. अशा स्थितीत वेग कमी करून लवकरात लवकर गाडी थांबवावी, नाहीतर काही शेकड्यांच्या प्लगपायी अनेक हजारांची वीट वितळून जाते. स्थिर दिवा म्हणतो, सवडीने पण नक्की दाखवा. लुकलुकणारा म्हणतो, आत्ता थांबा. एवढा भेद जरी ड्रायव्हिंग स्कूलने शिकवला तरी निम्मा गोंधळ मिटेल.

आक्षेपक : आणि उरलेला निम्मा विकत घेता येतो. जुनी गाडी विकायला काढली की आदल्या दिवशी कोड उडवायचे. कोणी निर्ढावलेला असेल तर दिव्यावर काळी पट्टी लावायची किंवा त्याची जोडणीच तोडायची.

समर्थक : ते पकडता येते. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे. लागला नाही तर सौदा तेथेच तहकूब करावा. आणि कोड उडवले असतील तर स्कॅनरवर स्व-तपासणीचे रकाने ‘अपूर्ण’ दिसतात, कारण संगणकाला त्या साऱ्या परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात व त्यासाठी बरेच दिवस निरनिराळ्या वेगांनी गाडी चालवावी लागते. दिवा तीन निर्दोष फेऱ्यांनंतर आपोआप विझतो, पण नोंद त्यानंतरही सुमारे चाळीस वेळा इंजिन तापून गार होईपर्यंत राहते. यंत्राची स्मृती मालकाच्या सोयीपेक्षा दीर्घ ठेवण्यात आली आहे.

आक्षेपक : मालकाच्या सोयीपेक्षा दीर्घ, हे कबूल, उत्पादकाच्या सोयीपेक्षा दीर्घ आहे काय? २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनचे प्रकरण अमेरिकेत उघडकीस आले, ते तुम्हांस स्मरत असेल. शाळा तपासनीस येणार म्हटल्यावर जसा सारा वर्ग हातांची घडी घालून बसे, तसे त्या डिझेल गाड्यांचे संगणक प्रयोगशाळेतील परीक्षा ओळखून तेवढ्यापुरते सभ्य होत आणि रस्त्यावर येताच मोकाट सुटत. त्या काळात त्या लक्षावधी गाड्यांच्या मीटरवर तुमचा हवेचा वकील काय करीत होता? विझून होता! कारण दोष ओळखणारा आणि दोष करणारा एकच होता. आपल्याकडे पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय या मोटार-संशोधन संस्थेने चाचण्या घेतल्या, रस्त्यावरील उत्सर्जन मर्यादेहून अधिक आढळले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. येथील नियम मोडल्याचे मात्र कंपनीने मान्य केले नाही. ज्या न्यायालयाचा न्यायाधीश आरोपीनेच नेमायचा आणि दंडविधानही आरोपीनेच लिहायचे, त्याच्या मौनावर तुम्ही विश्वास ठेवता?

समर्थक : मौनावर ठेवू नये, हे त्या प्रकरणाने मला शिकवले. परंतु ते पकडले कोणी? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडीच्या मागे मोजणी-यंत्रे बांधून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली तेव्हा. त्यातूनच प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची परीक्षा पुढे कायद्यात आली, आणि आपल्याकडे भारत स्टेज सहाच्या दुसऱ्या टप्प्याबरोबर २०२३ च्या १ एप्रिलपासून ती लागू झाली. म्हणजे बाहेरचा साक्षीदार हवा आणि आतलाही हवा. बाहेरचा साक्षीदार एका नमुन्याची परीक्षा करून सबंध जातीविषयी सांगतो; आतला साक्षीदार तुमच्या नेमक्या गाडीविषयी, तिच्या नवव्या-दहाव्या वर्षीही सांगत राहतो. तेव्हा मी माझे विधान दुरुस्त करतो : दिवा लागणे ही फिर्याद आहे, निवाडा नव्हे, आणि दिवा न लागणे म्हणजे निर्दोष सुटकेचा हुकूम तर नव्हेच.

आक्षेपक : आता आपण जवळ आलो. मग पुढचा प्रश्न असा की या फिर्यादीची दखल घ्यायची कोणत्या दफ्तराने? तुमचा दिवा ज्याच्याशी बोलतो त्या मालकाचे त्या बिघाडाने काहीच बिघडत नाही; ज्याचे बिघडते तो पदपथावर उभा असलेला फुलवाला किंवा सिग्नलवरचा हवालदार, त्याला दिवा दिसत नाही; आणि ज्याने मर्यादा आखून दिल्या ते सरकार वर्षातून एकदा सायलेन्सरमध्ये नळी घालून निघून जाते. ऐकणाऱ्याला दुखत नाही आणि दुखणाऱ्याला ऐकू येत नाही, अशी ही व्यवस्था आहे.

समर्थक : म्हणून माझी सूचना साधी आहे. एमिशन केंद्रावर नळीबरोबर स्कॅनरही लावावा. दिवा पेटलेला असेल किंवा तपासणीचे रकाने अपूर्ण असतील, तर प्रमाणपत्र देऊ नये. कॅलिफोर्नियात २००० सालानंतरच्या पेट्रोल गाड्यांना २०१५ पासून बहुशः नळी लावीतच नाहीत. खोबणीत तार जोडून संगणकाचा जबाब घेतात. आपल्या दुचाकींनाही या योजनेचा कडक टप्पा २०२५ च्या एप्रिलपासून लागू झालेला आहे. म्हणजे साक्षीदार घरोघर येऊन बसले आहेत, समन्स तेवढे निघायचे आहे.

आक्षेपक : समन्स निघाले की खर्चाचा हुकूमही निघतो, आणि तो कोणावर? ज्याने दहा वर्षांची गाडी कर्ज काढून घेतली त्याच्यावर. अमेरिकेच्या कायद्याने वीट आणि संगणक यांची आठ वर्षे किंवा ऐंशी हजार मैलांपर्यंतची हमी उत्पादकावर लादली आहे. सक्ती आणि जबाबदारी तेथे बरोबर चालतात. आपल्याकडे पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेत उत्सर्जनाच्या हमीचे एक पान असते, ते कोणी वाचत नाही आणि कोणी वाचूनही दाखवीत नाही. शिवाय तुमच्या फिर्यादीची भाषा कोणाला येते? सामान्य कोड सर्व कंपन्यांना समान आहेत खरे, पण त्यापलीकडचे कोड आणि ते वाचणारे स्कॅनर कंपन्यांनी स्वतःपाशी ठेवले. सुटे भाग आणि निदानाची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. अशा परिस्थितीत तुम्ही दिवा सक्तीचा केलात, तर जे.सी. रोडवरून भाग आणून गल्लीत दुरुस्ती करणारा कारागीर बाद होतो आणि मालक कंपनीच्या काउंटरवर बांधला जातो. हवेच्या नावाने काढलेल्या वॉरंटची बजावणी खाजगी पेढीने करावी, हे मला पटत नाही. आधी भाषा खुली करा, हमी सक्तीची करा, मग जबाब घ्या.

समर्थक : आणि मला हे पटत नाही की भाषा खुली होईपर्यंत, अपिले निकाली निघेपर्यंत, कोणीही काही वाचूच नये. वाचण्याची सक्ती झाल्याशिवाय भाषा खुली करण्याची निकड कोणाला वाटणार? आज हजारो मालकांनी प्रमाणपत्र अडल्यामुळे काउंटरवर गर्दी केली, तर ते हमीचे पान उद्या भिंतीवर लावावे लागेल आणि गल्लीतल्या गॅरेजाला स्कॅनर देण्याची मागणी मालकच करतील. सोय आधी आणि सक्ती नंतर हा क्रम कागदावर न्याय्य दिसतो. अनुभव असा आहे की सोय सक्तीच्या मागून येते.

आक्षेपक : शिसेविरहित पेट्रोलचा अनुभव उलट आहे. १९९५ च्या एप्रिलात चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा त्याच दिवशी त्याला न नासवणारे पेट्रोल तेथील पंपांवर आणणे सरकारला भाग पडले. कारण शिशाने वीट मरते हे ठाऊक असताना नुसती वीट बसवणे हा शुद्ध देखावा झाला असता. सोय आणि सक्ती एका तारखेला आल्या म्हणून ते निभावले. दिव्याच्या बाबतीत ती एक तारीख तुम्ही मला दाखवा, मी स्वतः खोबणीत तार जोडून देईन.

समर्थक : ती तारीख ठरवण्याचा अधिकार मजजवळ असता तर वाद इतका लांबला नसता. पण त्याच दाखल्याचा दुसरा भाग तुम्ही गाळलात : देशभर शिसेविरहित पेट्रोल यायला २००० चा फेब्रुवारी उजाडला, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे महानगरातून बाहेरगावी गेलेल्या प्रत्येक नव्या गाडीची वीट जुन्या पेट्रोलच्या धोक्यात होती. तरीही चार शहरांत प्रारंभ झाला नसता तर उरलेला देश कशाची वाट पाहत बसला असता? तुम्ही अपूर्ण प्रारंभाला देखावा म्हणता, मी त्याला प्रारंभ म्हणतो; आणि त्या पाच वर्षांत मेलेल्या विटांचा हिशेब कोणाच्या नावे मांडायचा, या प्रश्नाचे उत्तर, मी प्रामाणिकपणे सांगतो, माझ्याजवळही नाही.